कराडच्या गोळ्या

त्या बाईने आवळा सुपारीची बरणी उचलली, उजेडाकडे धरून हलवली आणि यांना काहीतरी विचारलं.

ऑकलंडच्या विमानतळावर लांबलचक टेबलावर आमच्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. माझ्या साड्या, यांचे लेंगे, नातवासाठी विणलेले स्वेटर, मृदुलाला आवडतात म्हणून नेलेल्या कुरडया, सगळं चार लोकांसमोर पसरलेलं. कुरडया तिने वास घेऊन परत ठेवल्या. बरणी मात्र हातातून सोडेना.

"होममेड," हे म्हणाले. यांचं इंग्रजी चांगलं होतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते, पण साहेबांची इंग्रजी पत्रंसुद्धा हेच लिहून द्यायचे.

बाईने मान हलवली. हे माझ्याकडे वळून म्हणाले, वाळवलेलं फळ इथे चालत नाही. मग तिने आमच्या फॉर्मवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा विचारलं. ती ओळ मी ओळखली. विमानात हे एकेक प्रश्न मला मराठीत वाचून दाखवत खुणा करत होते. बियाणं आहे का, मध आहे का, बुटांना माती आहे का. त्या एका ओळीपाशी मात्र न वाचताच खूण केली, म्हणून मी विचारलं होतं की हे काय. "औषधांचं आहे. आपलं त्यात काही येत नाही," असं उत्तर मिळालं होतं.

आताही हे "नो" म्हणाले.

बरणी झाकणासकट पिवळ्या पिंपात गेली. हे म्हणाले, "थँक यू."

त्या बरणीच्या तळाशी, आवळ्याच्या थराखाली, बटर पेपरच्या पुड्यांत सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. पट्टीतून एकेक सोडवून, रिकाम्या पट्ट्या बंबात जाळून, आदल्या रविवारी यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या. मी यांची बाही धरली. म्हटलं, अहो, अजून सांगा, पिंप इथेच आहे, काढून देतील. "बॅगा भर," हे म्हणाले. "उदय बाहेर ताटकळला असेल."

हे जाऊन आता अकरा वर्षं झाली. माणूस गेल्यावर राग उरत नाही म्हणतात. पण ते "थँक यू" आठवलं की माझे कान आजही तापतात.

गोळ्या फिटच्या होत्या. फिट यांना यायची.

मला ते कळलं लग्नानंतर सोळाव्या दिवशी, सकाळी, न्हाणीघराच्या दारात. हे आडवे पडलेले, तोंडाला फेस, आणि माझ्या हातातून गरम पाण्याची बादली सुटलेली. सासूबाईंनी आधी अंगणाचं दार लावलं, मग यांना कुशीवर केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कळलं ना आता? मग कळलं तेवढ्यावर ठेवायचं." दोन नणंदांची लग्नं व्हायची होती. ती झाल्यावर यांची बढती आली, ती झाल्यावर मृदुला मोठी झाली. एक कारण संपेपर्यंत दुसरं तयार असायचं.

साताऱ्यात औषध घ्यायची सोय नव्हती, दुकानदार सगळे ओळखीचे. यांना तपासणारे पुण्याचे डॉक्टर वारले तेव्हा सासूबाई मला कराडला घेऊन गेल्या, डॉक्टर घाटग्यांसमोर बसवलं आणि सांगितलं, आमच्या सुनेला फिट येते. मी तेवीस वर्षांची होते. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी ठोकली, काय काय होतं ते विचारलं. सासूबाईंनी वाटेत एसटीत शिकवलं होतं तसं मी सांगितलं. कागद माझ्या नावाने निघाला. सौ. सरला यशवंत शिवदे. तेव्हापासून कराडात फिट मला येते.

खोटं कशाला बोलू, ती कराडची फेरी मला आवडायची. दर दोन महिन्यांनी सकाळची एसटी, दवाखाना, औषधाचं दुकान, आणि पुडी पिशवीत पडली की मी संगमावर जाऊन बसायची. कृष्णा इकडून येते, कोयना तिकडून येते, आणि दोघी अगदी समोरासमोर येऊन मिळतात. भाजलेल्या शेंगा खात ते पाणी बघत बसायचं. घरी कुणी विचारायचं नाही की उशीर का झाला. विचारायची कुणाची हिंमत होती? शेवटी घाटगे डॉक्टर म्हातारे झाले, मीही झाले. परदेशी निघाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी नवा कागद लिहून दिला आणि बजावलं, "बाई, एखाद दिवस चुकली तर चालेल. पण ही गोळी एकदम बंद करायची नाही. जिवावर बेतेल."

बरणी गेली. यांच्या खिशातल्या दोन गोळ्या विमानातच संपल्या होत्या.

मृदुलाचं घर टेकडीवर होतं, लाकडी, दुमजली, आत उभा जिना. घरात ती, जावई उदय, उदयची आई इंदूताई आणि आमचा नातू तन्मय, अडीच वर्षांचा. विहीणबाई मूळच्या कोल्हापूरच्या, बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. आम्हाला वरची खोली दिली होती. खिडकीतून समुद्राची एक चिंधी दिसायची.

नातवाला पाहून हे वेडे झाले. सकाळी उठल्यापासून त्याला कडेवर घेऊन जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर. मी मागे. हे चार पायऱ्या उतरले की मी पाच उतरायची, पुढे होऊन हात पसरायची, द्या इकडे. तन्मय रडायचा, त्याला आजोबाच हवे असायचे. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "अहो, दोन मिनिटं राहू द्या की पोराला त्यांच्याकडे. नातू एकट्या तुमचाच आहे होय?"

सगळे हसले. हेही हसले आणि म्हणाले, "तिचा माझ्यावर विश्वासच नाही."

माझ्या हातात तेव्हा आमटीचा डाव होता. तो मी परत पातेल्यात ठेवला, एवढंच.

एकटे असलो की मी मागे लागायची. मृदुलाला सांगा, उदयरावांना सांगा, इथे डॉक्टर असतील, कागद आहे. यांचं एकच. उदयच्या आईसमोर नको. मग नुसतं मृदुलाला सांगा. ती नवऱ्याला सांगणारच. मग काय करायचं? काही करायचं नाही. इथली हवा थंड आहे, फिट उन्हाळ्यात येते. उभ्या आयुष्यात ज्याची रेघ कधी वाकडी गेली नाही असा माणूस मला हे सांगत होता. मी म्हटलं, तुम्हाला मागे पौषात आली होती, विसरलात का? तर म्हणे, तुला फार लक्षात राहतं.

राहतं मला. कुणीतरी लक्षात ठेवायला हवंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना यांचा उजवा अंगठा उडायला लागला. कपाच्या कानावर टिकटिक वाजला. आम्ही वरच्या खोलीत होतो. यांनी कप ठेवला आणि हात लेंग्याच्या खिशात घातला, जणू मी काही पाहिलंच नव्हतं. अंगठा उडायला लागला की एक दिवस, फार तर दोन. मी उठले. म्हटलं, आता मी खाली जाऊन सांगते.

यांनी माझं मनगट धरलं. "तुझा कागद आहे ना पर्समध्ये?"

मला समजेना.

"कराडचा. तुझ्याच नावाचा आहे. मृदुला तुला डॉक्टरकडे नेईल. गोळ्या मिळतील, विषय संपला."

मी काही बोलले नाही. म्हणजे मला बोलताच येईना. माझ्या न बोलण्याचा अर्थ होकार असा घ्यायची यांना सवय होती, तसाच त्यांनी तो घेतला आणि खाली गेले. मी आंघोळीला गेले. डोक्यावरून पाणी ओतत असताना मी काय काय बोलणार होते ते मनात जुळवत होते. तेवढा वेळ मी घ्यायला नको होता.

खाली आले तर स्वयंपाकघर चिडीचूप. तन्मय धावत आला म्हणून त्याला मांडीवर घेतलं आणि दूधपोह्यांची वाटी ओढली. एक चमचा भरवला. दुसरा भरवणार तोच विहीणबाई आल्या आणि त्यांनी पोराला माझ्या मांडीवरून उचललं.

"द्या. मी भरवते," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही उचललं असतं. मी तेच तर तीन दिवस करत होते.

मृदुला ओट्याला टेकून उभी होती. "आई, तुला फिट येते?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत बसून इंग्रजी पेपर वाचत होते. एका हाताने धरला होता. दुसरा हात टेबलाखाली.

"बाबा म्हणाले लग्नाआधीपासून येते," मृदुला म्हणाली. "आजोबांनी तेव्हा सांगितलं नव्हतं म्हणे. बाबांनी आणि आजीने सांभाळून घेतलं."

म्हणजे फसवलं माझ्या वडिलांनी. माझे वडील खेड्यातल्या शाळेचे मास्तर, जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवणारे. मुलगा सरकारी नोकरीत आहे, निर्व्यसनी आहे, एवढं ऐकून त्यांनी हात जोडले होते. ते जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत यांनी माझ्याकडून पुष्कळ काही घेतलं, मी दिलं. पण माझ्या मेलेल्या बापाला यात ओढतील असं मला वाटलं नव्हतं.

तरी मी तिथे बोलले नाही. विहीणबाई होत्या, उदय ऑफिसची बॅग घेऊन दारात उभा होता, आणि यांचा अंगठा टेबलाखाली उडत होता. आधी गोळी पोटात जाऊ दे, मग बघते, असं मी ठरवलं. मृदुलाने फोन करून अकराची वेळ मिळवली. हेही निघाले. "तिला एकटीला कसं सोडू?" म्हणाले. विहीणबाईंनी कौतुकाने मान हलवली.

मृदुला गाडी चालवत होती. तिचा जबडा आवळलेला होता. लहानपणी तिची पाटी फुटली की ती अशीच बसायची, रडायची नाही.

डॉक्टर तरुण होता, तांबड्या दाढीचा, कोट नाही, टाय नाही. मला त्याने आपल्या जवळच्या खुर्चीत बसवलं. पलीकडे मृदुला, आणि भिंतीशी हे. कागद त्याने दोनदा वाचला. औषध त्याला कळलं. मग तो विचारू लागला, मृदुला मराठीत सांगू लागली आणि मी उत्तरं देऊ लागले.

शेवटची फिट कधी आली? मागच्या आषाढात, एकादशीच्या दोन दिवस आधी. त्याच्या आधी? त्याच्या आदल्या पौषात. कशी सुरू होते? आधी अंगठा उडतो. कुठला? मी उजवा हात वर करून दाखवला. डॉक्टर लिहून घेत होता. यांच्या एकेक फिटचा दिवस मला पाठ होता आणि मी ते दिवस आपले म्हणून सांगत होते. कराडात जमलं होतं तसं इथेही जमत होतं. यांनी खुर्चीत पाठ टेकली. तो सुस्कारा मला ऐकू आला.

मग डॉक्टरने आणखी काहीतरी विचारलं आणि मृदुलाने ते मला सांगितलंच नाही. गाडीची किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारतात." ती माझ्याकडे वळली. "हेच मला मागच्या सप्टेंबरात विचारलं होतं, आई. तन्मयला ताप चढला आणि फिट आली तेव्हा. हॉस्पिटलमधून मी साताऱ्याला फोन केला. बाबांनी उचलला. म्हणाले, आपल्याकडे कुणाला नाही, सात पिढ्यांत नाही." तिचा आवाज खाली गेला. "तू त्यांना तेव्हाही सांगू दिलं नाहीस?"

मी तोंड उघडलं, पण ती थांबली नाही.

"कारण सापडेना म्हणून त्याच्या पाठीच्या कण्यात सुई घातली. दोन वर्षांचा होता तो. दोन बायकांनी दुमडून धरला होता त्याला, हलू नये म्हणून. त्यातली एक मी होते."

सुईचं मला माहीत नव्हतं. तिने नंतर फोनवर एवढंच सांगितलं होतं की आता बरा आहे, काळजी करू नका.

मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. पोटची पोर समोर बसून हे सांगतेय, आता तरी हे बोलतील. भिंतीवर उंची आणि वजनाचा एक तक्ता टांगलेला होता. हे तो वाचत होते. वरून खाली, ओळीने.

"मृदुला, डॉक्टरांना सांग, या गोळ्या माझ्या नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. यांना येते. त्यांना खिशातला हात बाहेर काढायला सांग."

"सरला," हे म्हणाले. नावाने मला हे कधी हाक मारत नसत. मग एकदम खुर्चीत पुढे सरकून डॉक्टरकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. भराभर, नीटनेटकं, ऑफिसातल्या पत्रासारखं. डॉक्टर मान हलवू लागला. जणू आम्ही दोघी बाहेर जाऊन बसलो तरी चालण्यासारखं होतं.

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

हे थांबले. "डॉक्टरांना कळायला नको का?"

"त्यांना ती सांगेल. तुम्ही तिला सांगा."

डॉक्टर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने पेन खाली ठेवलं. खोलीत हीटरचा घुमल्यासारखा आवाज येत होता. मी यांच्याऐवजी बोलायला जीभ उचलली होती, सवयच ती. दातांखाली धरली. यांनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, जसं दर वेळी बघायचे, की तू सांग, तू सांभाळ. मी तक्त्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मृदुला, मला येते. अकराव्या वर्षापासून."

एवढंच. एकतीस वर्षांच्या संसारात ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मलाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

मग हात खिशातून बाहेर आला. अंगठाच नाही, मनगटही उडत होतं. डॉक्टर उठला, यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. दार उघडून त्याने कुणाला तरी हाक मारली. एक बाई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. यांनी ती मुकाट्याने घेतली. डोळे भरून आले होते. मला दया यायला हवी होती. आली नाही.

मृदुला यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मी फोन केला तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. फोनशेजारी."

"बाबा काय सांगतायत ते ऐकू येत होतं?"

"हो."

"आणि तू?"

मी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सासूबाई, नणंदा, कराड. त्यातलं एकही तिच्यासमोर ठेवावं असं नव्हतं.

"मी गप्प बसले," मी म्हटलं.

तिने थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही म्हणते का म्हणून. मग खुर्ची डॉक्टरकडे फिरवली आणि त्याला सगळं सांगायला लागली. मला इंग्रजी कळत नव्हतं. तरी "माय मदर" तेवढं कळलं. दोनदा आलं. दोन्ही वेळा डॉक्टरने मान वर करून पाहिलं, यांच्याकडे नाही, माझ्याकडे.